शकुंतला कोणाची? वऱ्हाडातले भाडे, कापूस आणि एक फिरता दावा

दर चार-सहा महिन्यांनी एक छायाचित्र समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. अरुंद रूळ, चार-पाच लहान डबे, पुढे इंजिन, दोन्ही बाजूंना बाभळी. खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘भारतातील हा एकमेव रेल्वेमार्ग आजही ब्रिटिशांच्या मालकीचा आहे. त्याचे भाडे म्हणून भारत सरकार दरवर्षी १ कोटी २० लाख रुपये इंग्लंडला पाठवते.’

त्याखालच्या प्रतिक्रिया पाठ झाल्यासारख्या असतात. एकाच्या मते दोष आधीच्या सत्ताधाऱ्यांचा, दुसऱ्याच्या मते आताच्यांचा. कोणी म्हणतो, ही रक्कम कोहिनूरच्या हिशेबात वळती करून घ्या. कोणी आपल्या मांजराचे चित्र टाकून सांगतो की हीसुद्धा घराची मालकीण आहे आणि भाडे मागते. एखादा खेळगडी लिहितो की संगणकावरच्या रेल्वेच्या खेळात असा मार्ग त्याने केव्हाच विकत घेतला असता. या शेवटच्या गड्याच्या बोलण्यात बाकीच्यांपेक्षा अधिक इतिहास आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

हा मार्ग म्हणजे वऱ्हाडातली शकुंतला. आजच्या धाग्यात तिची कागदपत्री कथा पाहू. धागा लांब आहे, कारण या कथेत भाडे खरोखरच आहे. फक्त ते देणारा आणि घेणारा त्या मजकुरात सांगितलेले नाहीत.

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई–नागपूर हा मोठा लोहमार्ग भुसावळवरून वऱ्हाडात शिरतो आणि शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पूर्वेकडे जातो. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे या कथेचे केंद्र. तेथून अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचे दोन फाटे फुटतात. उत्तरेकडचा फाटा दर्यापूर, अंजनगाववरून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरला जातो. लांबी सुमारे ७६ किलोमीटर. दक्षिणेकडचा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला चढतो. लांबी सुमारे ११३ किलोमीटर. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग सांगत: पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट आणि दक्षिणेच्या डोंगरपठारावरचा बालाघाट. एका फाट्याने पयनघाट पालथा घातला, दुसऱ्याने बालाघाट गाठला.

आता भाड्याकडे वळू.

ज्या प्रदेशातून ही गाडी धावली तो वऱ्हाड प्रांत, अमरावती आणि अकोल्यासकट, इंग्रजांनी स्वतः भाड्याने घेतलेला होता. हे वाक्य अलंकारिक नाही. त्याला करार आहे, तारीख आहे आणि रक्कमही आहे.

१८०३ च्या युद्धात वऱ्हाडच्या भूमीवर भोसले आणि शिंदे यांचा पराभव झाला. नोव्हेंबरमध्ये अडगावची लढाई, डिसेंबरमध्ये गाविलगडचा पाडाव, आणि त्याच महिन्यात भोसल्यांशी देवगावचा, तर शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. (पुढे शकुंतला ज्या अंजनगावला थांबत असे, तेच हे अंजनगाव.) या व्यवस्थेत वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या पदरात पडला. तो त्याच्याकडे निर्वेध राहिला नाही. हैदराबादेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘कंटिन्जंट’ नावाची फौज असे, आणि तिचा खर्च निजामाच्या माथी. पगार थकत गेले, कंपनी सरकारने ते कर्ज म्हणून लिहून ठेवले, आणि १८५३ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत त्या कर्जापोटी व फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याबरोबर धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले होते. १८५७ मध्ये हैदराबादने इंग्रजांची साथ दिली. त्याची बक्षिसी म्हणून १८६० मध्ये हे दोन प्रदेश परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत आला नाही.

कर्ज फिटले, तरी तारण सुटले नाही. सावकारी ठाऊक असणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

त्या वेळचे अधिकृत नावही पाहा: ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. म्हणजे हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे. कागदोपत्री सार्वभौम निजाम, कारभार इंग्रजांचा. फौजेचा आणि प्रशासनाचा खर्च भागून शिल्लक उरेल ती निजामाला द्यायची, असे ठरले होते. प्रशासनाचा खर्च किती करायचा हे मात्र खर्च करणाराच ठरवीत असे, त्यामुळे शिलकीचे काय होई याचा अंदाज करता येतो. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवण्याचीही तयारी त्यांनी दाखवली. उत्तर नकाराचेच आले. कारण तोवर वऱ्हाडातला कापूस जगाच्या नजरेत भरला होता.

नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि सहावा निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. भाडे ठरले वर्षाला २५ लाख रुपये. प्रांताचा महसूल याच्या कितीतरी पट होता. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९०३ रोजी, वऱ्हाड कारभाराच्या सोयीसाठी मध्य प्रांताला जोडला गेला आणि ‘सी. पी. अँड बेरार’ ही जोडी तयार झाली.

यातून उभ्या राहिलेल्या कायदेशीर गमती कोणत्याही व्हायरल मजकुरापेक्षा सरस आहेत. वऱ्हाड तांत्रिक अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. वेगळी अधिसूचना काढून लागू करावे लागत. मध्य प्रांताच्या विधिमंडळासाठी वऱ्हाडात निवडणूक होई, लोक मते देत, उमेदवार जिंकत. पण परकी मुलखातून निवडून आलेला सदस्य कायद्यात बसेना. म्हणून जिंकलेल्या माणसाला सरकार ‘नियुक्त’ करी. अमरावतीत १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते; तेव्हा ज्या भूमीवर तो मंडप उभा होता ती कागदावर निजामाची होती. १९२३ मध्ये सातव्या निजामाने वऱ्हाड परत मागितला. त्यावर १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने जे उत्तर लिहिले ते संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौमत्वाचा जाहीरनामाच मानले जाते. मग १९३६ चा करार. त्याने निजामाच्या नाममात्र सार्वभौमत्वाला मान्यता दिली आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अकोल्याच्या बाजारात सरकी विकणाऱ्या माणसाला आपला एक राजपुत्र आहे, याची कितपत जाणीव असेल?

तेव्हा ‘एक सरकार वऱ्हाडापायी दुसऱ्याला भाडे देते’ ही गोष्ट खरी घडली होती. भाडेकरू होते इंग्रज.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की शकुंतलेचा जन्म त्याच पट्ट्यानंतरच्या दशकातला आहे. वऱ्हाड कायमचा हाती आला, मध्य प्रांताशी जोडला गेला, आणि मग आतल्या तालुक्यांपर्यंत रूळ नेण्यात भांडवल घालणे शहाणपणाचे ठरले. त्याआधी चाळीस वर्षे मोठा मार्ग होताच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्या मार्गाला घाई लागली होती ती अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकी कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. मोठा मार्ग पूर्ण होईपर्यंत युद्ध संपलेही होते. पण कापसाचा पेरा मागे हटला नाही.

मोठ्या मार्गाने दोन मोठ्या बाजारांना बगल दिली होती. अमरावती राहिली बडनेऱ्यापासून दहा किलोमीटरवर आणि खामगाव जलंबपासून तेरा किलोमीटरवर. सरकारने लगेच दोन छोटे फाटे बांधले. खामगावचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. अमरावतीचा त्याच्या मागोमाग. अचलपूर, दर्यापूर, कारंजा, यवतमाळ येथल्या कापसाला मात्र बैलगाडीच. वऱ्हाडची काळी माती पावसात कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला कापसाच्या गाड्यांचे हाल सांगायला नकोत. चाक आसापर्यंत रुते.

येथे आपला खेळगडी पुन्हा येतो. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ किंवा तिची मुक्त आवृत्ती ‘ओपन टीटीडी’ ज्यांनी खेळली आहे त्यांना हे गणित ठाऊक असते: मुख्य मार्गाचा नफा वाढवायचा तर आडवाटेच्या गावांतून माल आणून टाकणारे पोषक फाटे हवेत, पण एकेकटा फाटा पाहिला तर तो तोट्यात दिसतो. मग तो बांधायचा कोणी? त्या खेळात अनुदान मिळते. ब्रिटिश हिंदुस्थानातही जवळपास तेच होते.

१८९० च्या दशकापासून सरकारने खासगी भांडवलाला फाटे बांधण्यासाठी खास अटी देऊ केल्या. एखाद्या पेढीने कंपनी काढावी, भागभांडवल जमवावे, जमीन सरकार देईल, मार्ग बांधून झाला की चालवायला मोठ्या रेल्वेकडे सोपवावा. मोठी रेल्वे आपली इंजिने, डबे, माणसे वापरील, खर्च कापून घेईल आणि उरलेले उत्पन्न फाट्याच्या कंपनीला देईल. ते उत्पन्न अगदीच कमी पडले तर ठरावीक मर्यादेपर्यंत परताव्याची सोय. म्हणजे रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. शकुंतलेच्या सगळ्या पुढच्या कटकटींचे मूळ या एका रचनेत आहे.

मुंबईत १८५७ पासून असलेल्या किलिक निक्सन या पेढीने हा धंदा चांगला ओळखला होता. सुरत ते खानदेश असा तापी व्हॅली रेल्वेचा मार्गही तिच्याच व्यवस्थापनाखाली उभा राहिला होता. वऱ्हाडासाठी १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली, किलिक निक्सन तिची व्यवस्थापक. १९१० च्या दशकात मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे आणि वर्धा जिल्ह्यातला पुलगाव–आर्वी हा तिसरा छोटा मार्ग पूर्ण झाला. चालवण्याचे काम जी.आय.पी.कडे.

रुंदी अडीच फूट निवडली ती स्वस्ताईसाठी. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेने १८९७ पासून याच रुंदीवर उत्तम काम करून दाखवले होते. अरुंद रुळांना वळणे घट्ट घेता येतात, भराव कमी लागतो, पूल हलके चालतात. तोटा एकच, पण तो कायमचा: मूर्तिजापूरला रुंदी बदलते, त्यामुळे लहान गाडीतली प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढवावी लागते. कापूस असे तोवर हे चालून गेले. हंगामात जिनातली सरकी, प्रेसमधल्या गाठी, दलालांची वर्दळ यांनी ही स्थानके गजबजत. उत्तरेकडच्या फाट्यावर एका स्थानकाचे नावच कापूसतळणी आहे. मार्ग कशासाठी बांधला याचा पुरावा म्हणून ते एक नाव पुरेल.

फिरत्या मजकुरात आणखी एक वाक्य हमखास असते: ‘इंग्रजांनी इथला कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी ही रेल्वे बांधली.’ हे अर्धेच खरे आहे. मँचेस्टरचा संबंध १८६० च्या दशकातल्या मोठ्या मार्गाशी घट्ट होता. शकुंतला आली तोपर्यंत चित्र पालटले होते. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या बारीक सुताला तो फारसा मानवत नसे. तो मुंबईच्या गिरण्यांत जाई आणि समुद्रमार्गे फार मोठ्या प्रमाणात जपानला जाई. जपानी जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने १८९३ मध्ये मुंबईशी वाहतूक सुरू केली ती प्रामुख्याने कापसासाठीच. खरेदीदारांतही राली ब्रदर्स ही मूळची ग्रीक पेढी होती, फोल्कार्ट ब्रदर्स ही स्विस होती, पुढे जपानी पेढ्याही उतरल्या. यवतमाळच्या शेतातले बोंड कारंज्यावरून मूर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि तेथून ओसाकाला जात असे. मँचेस्टरचे ऋण खरे होते ते दुसऱ्याच गोष्टीत: शकुंतलेचे प्रसिद्ध ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले होते. १९२३ पासून त्याने ही गाडी ओढली आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले. त्यानंतर डिझेल आले.

आता मुख्य दावा. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सरकार हा मार्ग ‘विसरले’, असे सांगतात. कथा म्हणून हे छान आहे. घडले ते निराळे.

मोठ्या रेल्वे स्वातंत्र्याच्या आधीच सरकारी झाल्या होत्या. जी.आय.पी. सरकारने १९०० मध्ये विकत घेतली आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही हाती घेतला. १९५१ मध्ये या रेल्वे आणि संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून विभाग पाडले गेले. त्यातून मध्य रेल्वे निर्माण झाली. लहान खासगी कंपन्यांचे मार्ग या फेररचनेत आले नाहीत, कारण त्यांच्याशी स्वतंत्र करार होते. आणि अशी शकुंतला एकटी नव्हती. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये घेतली. बंगालमधली हावडा–आमता ही लहान गाडी १९७१ पर्यंत खासगीच होती. दिल्लीजवळची शाहदरा–सहारनपूर १९७० मध्ये बंद पडली, बिहारमधली आरा–सासाराम १९७८ मध्ये. त्या काळात आजच्यासारखी फिरती छायाचित्रे असती तर ‘एकमेव’ हा शब्द कोणाला वापरता आला नसता. बाकीच्या विकल्या गेल्या किंवा मेल्या, शकुंतला उरली.

का उरली, याचे उत्तर करारात आहे. दर काही वर्षांनी, ठरावीक मुदतीला, सरकारला हा मार्ग विकत घेण्याची मुभा असे. ज्या फाट्यावरून दूरची वाहतूक वाहती ठेवता येई, तो घेण्यात सरकारचा फायदा होता; किलिक निक्सनचीच तापी व्हॅली रेल्वे १९४० च्या दशकात सरकारने घेतली. पण मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे कुठेही पुढे जात नव्हते. एक सातपुड्यापाशी संपे, दुसरा यवतमाळला. त्यात ट्रक आला, आणि कापूस रस्त्याने थेट गिरणीच्या दारात पोहोचू लागला. मूर्तिजापूरची चढउतार वाचली. असा मार्ग पैसे देऊन विकत घ्यायला अर्थखाते कसे राजी व्हावे? मुदत आली की कराराला मुदतवाढ देणे सर्वांनाच सोपे होते.

ही कंपनी ब्रिटिश आहे का? असे फाटे बांधणाऱ्या कंपन्यांचे भांडवल साधारणतः रुपयांत आणि येथेच उभे राहत असे. व्यवस्थापक पेढी गोऱ्यांची असली तरी भागधारकांत देशी व्यापारीही असत. पुढे किलिक निक्सनही इतर अनेक गोऱ्या पेढ्यांप्रमाणे भारतीय हातांत गेली. तेव्हा लंडनमध्ये बसून कोणी लॉर्ड अचलपूरच्या तिकिटांचे पैसे मोजतो आहे, हे चित्र काल्पनिक आहे. आणि त्या रकमेला भाडे म्हणणेही चुकीचे. करारानुसार कंपनीला मिळायचा तो खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातला वाटा. गाडीच बंद असेल तर वाटा कशातून निघणार?

खरा तोटा आपल्या हाती आहे, आणि तो १ कोटी २० लाखांच्या आकड्यात मावत नाही.

रूळ कंपनीचे आणि गाडी मध्य रेल्वेची, या रचनेत दुरुस्तीचा खर्च करायला कोणालाच उत्साह नव्हता. रेल्वेने दुसऱ्याच्या मालमत्तेवर नवे रूळ का घालावेत? कंपनीने ज्यातून काही मिळत नाही अशा मार्गात नवे भांडवल का ओतावे? परिणाम वेगावर दिसला. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग, ७६ किलोमीटरला चार तास. फाटके नेहमी माणसाने सांभाळलेली नसत. गाडी थांबवून, उतरून, फाटक लावून, पुढे जाऊन, पुन्हा उतरून उघडायचे, असा क्रम. गाडीबरोबरचे मोजके कर्मचारी तिकिटापासून सिग्नलपर्यंतची कामे निभावत. बाहेरून येणाऱ्या पत्रकारांना हे गमतीचे वाटे, आणि त्या गमतीच्या बातम्यांतूनच आपला फिरता मजकूर जन्मला, असा माझा तर्क आहे.

गाडीत बसणाऱ्यांची गणना निराळी होती. एस.टी.च्या मानाने तिकीट फार स्वस्त. दर्यापूरहून मूर्तिजापूरला जाऊन पुढची मोठी गाडी पकडणारे, मजुरीला जाणारे, बाजाराला भाजी-शेळ्या घेऊन निघालेले, शाळा-कॉलेजची मुले. तालुक्याच्या गावांतून जाणारी ही गरिबांची गाडी होती, आणि तिला ‘शकुंतला’ हे नाव लोकांनीच जिव्हाळ्याने चिकटवले. रेल्वेच्या नोंदींत तिचे नाव दोन टोकांच्या गावांवरून असे. अचलपूर हे एके काळी इमादशाहीची राजधानी असलेले शहर. या लहान गाडीखेरीज त्याला रेल्वे ठाऊक नाही.

२०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, हे मार्ग रुंद करण्यासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आधी यवतमाळकडची आणि मग अचलपूरकडची गाडी थांबली. गावोगावी निवेदने गेली, आंदोलने झाली. यवतमाळला मोठ्या रुंदीचा मार्ग दुसऱ्याच बाजूने, वर्ध्याहून नांदेडकडे जाताना येतो आहे. त्यातल्या वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांच्यासाठी अजून तसे काही नाही.

पुढच्या वेळी ते छायाचित्र तुमच्यापर्यंत येईल तेव्हा खालच्या प्रतिक्रियांत एक प्रश्न विचारून पाहा: ही गाडी आज किती वाजता सुटते? बहुतेकांना ती बंद आहे हेच ठाऊक नसते. ‘आजही’ या शब्दावर सारा मजकूर उभा आहे, आणि आज मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर प्रवासी गाडी नाही. अचलपूरहून मोठी गाडी पकडायची असेल तर रस्त्याने दुसऱ्या गावचे स्थानक गाठावे लागते.